सावलीचा जमाखर्च

दिवाळीच्या पाडव्याला नवी वही उघडण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. कुंकवाचे स्वस्तिक काढावे, वर 'श्री' लिहावे, आणि एका अंगाला जमा व दुसऱ्या अंगाला नावे अशी नव्या वर्षाची मांडणी करावी. पेढीवरचा व्यापारी हे थाटामाटाने करी. घरातला कर्ता पुरुष, आणि पुष्कळ घरांतून कर्ती बाईसुद्धा, हेच काम एखाद्या साध्या वहीत करीत असे. वाण्याचे देणे, दुधाचा रतीब, लाकूडफाटा, रॉकेल, मुलांची फी या सगळ्यांची टिपणे ठेवली जात. पुढे त्यांत विजेच्या बिलाची भर पडली. परंतु एक रक्कम अशी आहे की ती या वह्यांतून कधी चढलेली नाही. ती म्हणजे अंगणातल्या झाडाची सावली.

सावलीला कोणी पैसे मोजले नव्हते, म्हणून ती जमेच्या बाजूला आली नाही. आणि जी रक्कम जमेला कधी धरलीच नाही, ती बुडाली तरी वहीत तूट दिसत नाही. आपल्या गावांतून आणि शहरांतून परसे गेली, अंगणे फरशीखाली गेली, झाडे गेली. त्याचा हिशेब कोणी मागितला नाही, कारण हिशेब ठेवलेलाच नव्हता. घर गार ठेवण्याचे जे काम झाड आणि पाणी करीत होते ते आता वीज करते, आणि विजेचे बिल मात्र दरमहा न चुकता येते. ही अदलाबदल कशी झाली, आणि सावलीची नोंद करण्याची बुद्धी माणसाला पुन्हा कशी आणि कोठे झाली, ती हकिकत सणाच्या निवांतपणी ऐकण्याजोगी आहे.

प्रथम झाड नेमके करते काय ते पाहू. एक काम सर्वांनाच ठाऊक आहे: ऊन भिंतीवर पडण्याआधी ते अडविते. उन्हात तापलेली भिंत संध्याकाळी सूर्य मावळल्यावरही आत ऊब सोडीत राहते, म्हणून ऊन आत आल्यावर त्याच्याशी झगडण्यापेक्षा ते बाहेरच अडविणे केव्हाही स्वस्त. दुसरे काम माठाचे आहे. माठाच्या अंगातून पाणी पाझरते, त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते आपल्याबरोबर उष्णता घेऊन जाते. म्हणून आतले पाणी गार होते. झाडाची पानेही तेच करतात. मुळांनी ओढलेले पाणी ती हवेत सोडतात. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला जी उष्णता लागते ती विजेच्या भाषेत सुमारे दोन तृतीयांश युनिट भरते. एखादे भरदार झाड दिवसभरात शंभर लिटर पाणी हवेत सोडीत असेल, तर ते साठ-पासष्ट युनिटांइतकी उष्णता शोषून घेते. एक टनी वातानुकूलन यंत्र अठरा-एकोणीस तास अखंड चालले तर एवढी उष्णता उपसते. अर्थात झाडाचा हा गारवा मोकळ्या हवेत असतो. त्यातला पुष्कळसा वाऱ्याबरोबर शेजाऱ्याकडेही जातो. यंत्राचे याच्या नेमके उलट आहे. ते आपली खोली गार करते, आणि शेजाऱ्याच्या खिडकीवर गरम झोत सोडते.

आपल्या पूर्वजांना युनिट ठाऊक नव्हते, पण झाड कोठे लावावे याचा विचार त्यांनी खचित केला होता. सहाव्या शतकातील वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त घराच्या कोणत्या दिशेला कोणते झाड शुभ ते सांगितले आहे: उत्तरेस प्लक्ष, पूर्वेस वड, दक्षिणेस औदुंबर, पश्चिमेस अश्वत्थ. त्याच ग्रंथात काटेरी झाडे आणि चिकाची झाडे घराला अगदी खेटून नसावीत असेही म्हटले आहे. वडा-पिंपळाची मुळे भिंतीत शिरली म्हणजे काय होते हे ज्यांनी पडके वाडे पाहिले आहेत त्यांना सांगावयास नको. वराहमिहिराने जी कारणे दिली आहेत ती भाग्याची आहेत, गारव्याची नव्हेत. त्याच्या तोंडी आजचे शास्त्र घालण्याचा अट्टाहास करण्याचे कारण नाही. परंतु घराचा नकाशा काढताना झाडाचीही जागा ठरवावयाची असते, एवढे त्याने गृहीत धरले होते, आणि आजच्या कितीतरी नकाशांत तेवढेही नसते.

त्याच्याही आधी आठशे वर्षे अशोकाने आपल्या स्तंभलेखात रस्त्याकडेने वड लावल्याचे कोरून ठेवले, आणि कारण स्पष्ट दिले: माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी. आपल्या इतिहासात सावलीची जी लेखी नोंद सापडते, तीत हिच्याइतकी रोखठोक नोंद विरळाच. आणि मराठी राज्याच्या काळात, अठराव्या शतकाच्या आरंभी, रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त गडावर आंबे, फणस, चिंच, वड, पिंपळ अशी झाडे लावावीत असे सांगितले आहे. आरमारासाठी लाकूड हवे असले तरी रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, असेही त्यात बजावले आहे. कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात, आणि तोडली म्हणजे तिच्या दुःखाला पार राहत नाही. झाड ही एका पिढीने लावावयाची आणि दुसरीने भोगावयाची ठेव आहे, हे राज्यकारभाराच्या ग्रंथात लिहिले गेले, ही गोष्ट लहान नव्हे.

राजेरजवाड्यांचा गारवा निराळा होता. त्याला पाणी आणि पैसा दोन्ही लागत. अहमदनगरच्या निजामशाहीने १५८३ च्या सुमारास पुरा केलेला फराहबाग पाहावा. तलावाच्या मधोमध महाल उभा केला होता. कोणत्याही बाजूने वारा आला तरी पाण्यावरून येणार अशी योजना. औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, पाणचक्कीच्या आवारात याहून चतुराई दिसते. तेथील मोठ्या हौदाखाली खांबांवर तोललेले दालन आहे. हौदाचा तळ तेच त्या दालनाचे छत. डोक्यावर पाणी घेऊन बसलेल्या त्या दालनात उन्हाळ्यातही गारवा टिकतो. पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजहून बंद नळाने पाणी आणले. ते शनिवारवाड्याच्या हौद-कारंज्यांना मिळाले आणि शहरातल्या सार्वजनिक हौदांनाही मिळाले. सारसबाग, हिराबाग, तुळशीबाग, बेलबाग, रमणबाग, मोतीबाग ही पुण्यातली नावे आज देवळांची, शाळांची आणि बाजारांची झाली आहेत. पण प्रत्येक नावाच्या शेवटी एक बाग अजून उभी आहे.

उत्तरेत मोगलांनी याला सुगंधाची जोड दिली. अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त वाळ्याच्या ताट्यांचे वर्णन केले आहे. दारात वाळ्याची ताटी लावावी, तिच्यावर पाणी शिंपडावे, म्हणजे भर उन्हाळ्यात हिवाळा अवतरतो. वाळा म्हणजे नदीकाठच्या एका गवताचे मूळ. बादशहाच्या दारातली ही युक्ती पुढे साध्या घरांतही आली, आणि नागपूर-अमरावतीकडच्या लोकांना तिचे अप्रूप वाटण्याचे कारण नाही. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात वाळ्याचा वास आला की दुपार सुसह्य होते, मग तो ताटीचा असो की कूलरचा.

पण खरी मौज साध्या घरांतच आहे, कारण तेथे पैसा नसल्यामुळे अक्कल अधिक चालवावी लागली. देशावरचा वाडा घ्या. जाड भिंती, बाहेरच्या अंगाला मोजक्या खिडक्या, आणि मधोमध उघडा चौक. रात्री मोकळ्या आकाशाखाली चौक निवतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तो गारवा ओसरीवर रेंगाळतो. चौकात तुळशीवृंदावन. तुळशीच्या एका रोपट्याने घर गार होते असे कोणी म्हणणार नाही. पण तुळशीला आकाश हवे, म्हणून चौकावर छप्पर पडत नसे; तुळशीला रोज पाणी हवे, म्हणून चौक रोज ओला होई. धर्माच्या निमित्ताने घराच्या पोटात उजेडाची आणि वाऱ्याची एक वाट पिढ्यान्‌पिढ्या मोकळी राहिली.

मागे परसू. तेथे न्हाणीचे आणि भांडी घासण्याचे सांडपाणी वाहत जाई, आणि त्या पाण्यावर केळ, कर्दळ आणि अळू पोसत. निराळे पाणी द्यावे लागत नसे. विहिरीजवळ औदुंबर किंवा शेवगा, कुंपणाला कण्हेर, दाराशी पारिजातक, आणि पश्चिमेच्या अंगाला घोसाळ्याचा किंवा दुधीचा वेल चढविलेला मांडव. वेल दोन महिन्यांत मांडव झाकतो, भाजी देतो, आणि थंडीत वाळून जातो तेव्हा ऊन पुन्हा आत येऊ देतो. गृहिणीने हे भाजीसाठी केले, उष्णतेच्या शास्त्रासाठी नव्हे. पण भिंतीला दोन्ही सारखेच.

कोकणातले घर याहून वेगळे, कारण तेथली हवाच वेगळी. हवेत आधीच ओलावा भरलेला असल्यामुळे माठाची युक्ती तेथे फारशी चालत नाही. तेथे हवा वाहती हवी. म्हणून घराभोवती माड आणि पोफळी. त्यांची सावली डोक्यावर उंच, आणि खाली नुसते खोड, त्यामुळे वारा बिनअडथळा घरात शिरतो. पाऊस सरला की अंगणात मांडव उभारावयाचा, त्यावर झावळ्या पसरावयाच्या, आणि जमीन शेणाने सारवावयाची. मृगापूर्वी तो उतरवून ठेवावयाचा. म्हणजे कोकणी माणसाच्या अंगणाला वर्षातून दोनदा कपडे बदलता येतात: पावसाळ्यात आकाश, उन्हाळ्यात सावली. देशावरचा गारवा पाण्याचा, कोकणातला वाऱ्याचा. दोहोंची झाडे निराळी, आणि एकाची पद्धत दुसऱ्याने उचलली तर पस्तावण्याचीच पाळी यावयाची.

हे सारे वर्णन करताना एका गोष्टीवर पांघरूण घालू नये. हा गारवा फुकट नव्हता. विहिरीचे पाणी रहाटाने कोणी तरी उपसत होते. अंगण कोणी तरी सारवीत होते. वाळ्याच्या ताटीवर भर दुपारी कोणी तरी पाणी मारीत होते. घरात ते काम बहुधा बायकांचे, आणि ऐपत असेल तेथे पाणक्याचे आणि गड्याचे. साहेबाच्या बंगल्यात छताला टांगलेला झालरीचा पंखा ओढणारा माणूस बाहेरच्या व्हरांड्यात उन्हाच्या झळा खात बसलेला असे. दोरी आत, माणूस बाहेर. सावली जशी वहीत चढली नाही, तसे हे कष्टही चढले नाहीत. म्हणून विजेचा पंखा आला तेव्हा त्याचे स्वागत झाले ते योग्यच झाले. ज्या बाईने वीस वर्षे रहाट ओढला तिने बटणाच्या सुखाला नावे का ठेवावीत?

साहेब लोकांनी येथे आल्यावर प्रथम येथलेच शहाणपण घेतले. त्यांच्या बंगल्याभोवतीचा रुंद व्हरांडा, भोवतालचे मोठे आवार, त्यातली झाडे, दारांना वाळ्याच्या ताट्या, हे सगळे याच मातीतले. पण त्याबरोबर गारवा विकत घेण्याचाही आरंभ झाला. १८३३ च्या सप्टेंबरात 'टस्कनी' नावाचे अमेरिकन जहाज बॉस्टनहून निघून कलकत्त्यास पोहोचले. त्याच्या पोटात होता तळ्यातला गोठलेला बर्फ. निघताना १८० टन भरला होता; चार महिन्यांच्या प्रवासात पुष्कळ वितळला, तरी १०० टनांच्या आसपास शिल्लक होता. पुढे मुंबईतही हा बर्फ विकला जाऊ लागला. त्या बर्फाची एक खूण आज घराघरांत आहे. वातानुकूलन यंत्र 'दीड टनाचे' असते ते वजनाने नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता घेतो, त्या मापाने ते दीड टनाचे.

वातानुकूलन यंत्राचा जन्मही माणसाच्या सुखासाठी झालेला नाही. १९०२ साली न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथील एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे आणि रंगीत छपाईचे रंग एकमेकांवर नीट बसत नसत. त्यावर उपाय म्हणून विलिस कॅरिअर या तरुण इंजिनियराने हवेतला ओलावा काढणारी योजना आखली. कागद सुखी झाला. माणसाचा नंबर मागाहून लागला. आपल्याकडे मुंबईत १९०७ साली विजेची ट्राम धावली, १९१५ साली खोपोलीहून टाटांची जलविद्युत गिरण्यांना मिळू लागली, आणि हळूहळू विजेचे दिवे आणि पंखे मध्यमवर्गीय घरांत आले.

नेमक्या याच वेळी एक स्कॉटिश गृहस्थ उलट दिशेने बोलत होते. पॅट्रिक गेडिस हे मूळचे जीवशास्त्रज्ञ, पुढे नगररचनाकार. ते १९१४ साली हिंदुस्थानात आले. १९१९ पासून मुंबई विद्यापीठात त्यांनी नागरिकशास्त्र व समाजशास्त्र शिकविले. होळकरांच्या इंदुरात प्लेगने थैमान घातले असता नगररचनेसाठी त्यांना बोलाविण्यात आले. त्यांनी जे केले ते दिवाळीच्या अंकात सांगण्यासारखेच आहे. १९१७ च्या सुमारास त्यांनी दिवाळीची मोठी मिरवणूक काढविली, आणि ती ज्या रस्त्यांवरची घरे अधिक स्वच्छ असतील त्या रस्त्यांवरून जाईल असे जाहीर केले. शहरभर झाडलोट आणि रंगरंगोटी सुरू झाली. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची राक्षसी प्रतिमा होती, लक्ष्मी होती, आणि नागरिकांना वाटण्यासाठी तुळशीची रोपे होती. ज्या रोपाभोवती अंगण स्वच्छ आणि मोकळे राहते, ते रोप सरकारी योजनेचा भाग म्हणून वाटण्याची कल्पना परदेशातून आलेल्या माणसाला सुचावी, यात आपण शिकण्यासारखे पुष्कळ आहे. जुनी वस्ती सरसकट पाडून सरळ रस्ते काढण्याला त्यांचा विरोध असे. चार पडकी घरे काढा, तेथे लहानसा चौक करा, झाड लावा, आणि बाकीची वस्ती जगू द्या, असे त्यांचे धोरण होते.

ते धोरण मागे पडले. स्वातंत्र्यानंतर शहरे वाढली, आणि ती वाढणे अपरिहार्यच होते. पुण्यापुरते बोलायचे तर १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे मातीच्या भिंतींसकट बसले. त्यानंतर जे उभे राहिले ते सिमेंटचे होते. १९६३ साली महाराष्ट्रात मालकी हक्काच्या फ्लॅटांविषयीचा कायदा झाला. जमिनीचा तुकडा सोळा घरांत वाटला गेला तेव्हा भिंती वाटता आल्या, जिने वाटता आले; परसू वाटता आले नाही. पुढे मोटारी आल्या आणि उरलेले अंगण त्यांनी घेतले. सिमेंटची गच्ची दिवसभर ऊन पिते आणि रात्रभर ते खालच्या खोलीत सोडते. मग पंखा, मग कूलर, मग यंत्र. प्रत्येक पायरीला बिल वाढले. आणि प्रत्येक वेळी दोष उन्हाला दिला गेला.

सावलीची नोंद वहीत घेण्याची बुद्धी अखेर झाली ती सातासमुद्रापार, कॅलिफोर्नियात. तेथील सॅक्रॅमेंटो हे शहर उन्हाळ्यात कोरडे आणि कडक तापते, आपल्या वऱ्हाडाची आठवण व्हावी असे. तेथल्या वीजमंडळाने विचार केला की दुपारच्या वेळी सगळी यंत्रे एकदम चालू झाली की नवे वीजकेंद्र बांधावे लागते. त्यापेक्षा लोकांच्या अंगणात झाडे लावलेली काय वाईट? १९९० साली एका वृक्षसंस्थेच्या साहाय्याने त्याने घरमालकांना मोफत रोपे देण्यास आरंभ केला, आणि ती कोणत्या दिशेला लावावीत हेही सांगितले. आजवर अशी पाच लाखांहून अधिक झाडे दिली गेली आहेत. वीज विकणाऱ्याने वीज कमी खपावी म्हणून झाडे वाटावीत, ही गोष्ट आपल्या वाण्याला सांगितली तर तो हसेल. पण मंडळाने हिशेब केला होता.

बर्कले येथील प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी तेथे एक नामी प्रयोग केला. कुंड्यांतली सोळा झाडे घेतली, आठ मोठी आणि आठ लहान, आणि ती दोन घरांच्या भिंतींलगत आळीपाळीने ठेवली. घर तेच, माणसे तीच, सावली तेवढी बदलली. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार सावलीमुळे घर गार करण्याची वीज सुमारे तीस टक्क्यांनी वाचली. हे झाले मुद्दाम मांडलेले गणित. २००९ साली आणखी दोन संशोधकांनी त्याच शहरातील ४६० घरांची खरी बिलेच तपासली. घराच्या पश्चिमेस आणि दक्षिणेस असलेल्या झाडांमुळे उन्हाळ्यातला वीजवापर सरासरी १८५ युनिटांनी, म्हणजे ५.२ टक्क्यांनी, कमी भरला. आणि उत्तरेच्या झाडांमुळे तो उलट ५५ युनिटांनी वाढलेला आढळला. म्हणजे झाड लावले की काम झाले असे नाही. कोठे लावले यावर सगळे आहे. वराहमिहिराचा दिशांचा आग्रह आठवावा, कारणे निराळी का असेनात.

मात्र सॅक्रॅमेंटोचा नकाशा जसाच्या तसा उचलून आपल्या अंगणात मांडता यावयाचा नाही. ते शहर विषुववृत्तापासून आपल्याहून पुष्कळ उत्तरेस आहे. तेथे उन्हाळ्यातही सूर्य दुपारी दक्षिणेकडे कललेला असतो. आपल्याकडे मे महिन्यात तो बरोबर डोक्यावर येतो, मुंबई-पुण्यास महिन्याच्या मध्याच्या सुमारास. त्या वेळी दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडतच नाही. ते पडते छपरावर, आणि सकाळी पूर्वेच्या व दुपारनंतर पश्चिमेच्या भिंतीवर. म्हणून आपल्याकडे पहिले झाड पश्चिमेस. दुपारी तीननंतरचे तिरपे ऊन अडविणे हे त्याचे काम, आणि सारा दिवस तापलेल्या घराला तेच ऊन सर्वांत जड जाते. दुसरे पूर्वेस. दक्षिण मोकळी राहिली तर थंडीत कललेले कोवळे ऊन ओसरीवर येते, आणि ते आजी-आजोबांना हवेच असते.

झाड कोणते, हाही प्रश्न दिशेइतकाच महत्त्वाचा. गुलमोहर दिसायला देखणा. पण तो मूळचा मादागास्करचा पाहुणा, आणि ऐन चैत्रात, सावली हवी तेव्हा, बहुधा उघडाबोडका उभा असतो. साग तर मृगाच्या पावसापर्यंत पाने धरत नाही. कडुलिंबाचे उलटे. त्याची जुनी पाने फाल्गुनात गळतात आणि पाडव्याला कोवळी पालवी हजर असते. आपण ती गूळ-ओव्याबरोबर खातो तीच. ऊन वाढू लागते तसतशी त्याची सावली दाट होत जाते. करंजही वसंतात पाने बदलून लगेच डेरेदार होतो. बकुळ आणि आंबा वर्षभर पाने धरतात. घराच्या पायापासून झाडाला त्याच्या जातीप्रमाणे अंतर द्यावे, मुळे आणि विहीर यांचा विचार करावा, पाणी तुंबून डास होऊ देऊ नयेत. कोकणात सावली उंचावर ठेवावी, वारा अडवू नये. आणि ज्यांना जमीनच नाही त्यांनी पश्चिमेच्या गॅलरीत कुंडीतून मधुमालती किंवा घोसाळे दोरीवर चढवावे. भिंतीवर ऊन पडण्याआधी पानावर पडावे, एवढीच अट. ती वेलही पुरी करतो.

१९७५ सालापासून महाराष्ट्रातल्या शहरांत परवानगीवाचून झाड तोडता येत नाही, असा कायदा आहे. कायद्याने कुऱ्हाड थोडी थबकते, पण सावलीचा भाव त्याने कळत नाही. झाड तोडणाऱ्याचा फायदा एकट्याचा असतो आणि त्याच वर्षी मिळतो. तोटा मात्र पाच-पन्नास घरांत थोडा थोडा वाटला जातो आणि पुढची तीस वर्षे चालू राहतो. म्हणून तोडणाऱ्याचा आवाज मोठा असतो आणि सोसणाऱ्यांचा ऐकूच येत नाही. सोसायटीच्या सभेत पानांचा कचरा, पक्ष्यांची घाण आणि मोटार लावायला जागा या तीन रकमा नावे पडतात. जमेच्या बाजूला बोलायला कोणी उठत नाही. यापुढे उठणाऱ्याच्या हाती आकडे आहेत.

तेव्हा यंदाच्या वहीत एक पान सावलीसाठी राखून ठेवायला हरकत नाही. त्यावर आपल्या घराच्या चार दिशा काढाव्यात. वैशाखात दुपारी चार वाजता कोणत्या भिंतीला हात लावता येत नाही ते पाहून तेथे खूण करावी. मृगाला त्या भिंतीसमोर, योग्य अंतरावर, कडुलिंबाचे किंवा करंजाचे एक रोप लावावे, आणि पुढची दोन-तीन वर्षे भाज्या धुतलेले पाणी त्याला घालावे. पहिली काही वर्षे नावेच्या बाजूला फक्त ते पाणी आणि राखण दिसेल. जमेची रक्कम दहाएक वर्षांनी पडू लागेल, आणि ती टिपून ठेवणारे अक्षर कदाचित आपले नसेल, घरातल्या आज फुलबाज्या उडविणाऱ्या एखाद्या पोराचे असेल.